चिठ्ठीचा फोटो

दीनानाथ लिमये यांनी पहिल्याच दिवशी माझा अपमान केला, आणि म्हणूनच मी त्यांच्या वर्गात टिकले. हे पुण्याबाहेरच्या लोकांना पटणार नाही, पण त्याला माझा इलाज नाही.

टपाल खात्यातून निवृत्त झाल्यावर मी कॅमेरा घेतला आणि सदाशिव पेठेतल्या त्यांच्या रविवारच्या वर्गाला जाऊ लागले. पहिल्या मजल्यावर एक खोली, सहा खुर्च्या आणि भिंतीवर पाटी: 'फोटो छान आला का, असे विचारू नये. आला असल्यास सांगितले जाईल.' माझ्या कॅमेऱ्यात कार्ड चालत नव्हतं.

"कार्ड फॉरमॅट कुठे केलंत?"

"घरच्या कॉम्प्युटरवर."

"मग फोटोही त्यानेच काढायचे. इथे कशाला आलात?"

जे कार्ड ज्या कॅमेऱ्यात वापरायचं ते त्याच कॅमेऱ्यात पुसायचं, हा धडा मला असा मिळाला. दुसरा धडा फाइलींचा. कॅमेऱ्यात फोटो रॉ ठेवता येतो किंवा जेपेग. मी अर्थातच जेपेगवाली, कारण ते लगेच मोबाइलवर पाठवता येतं.

"रॉ म्हणजे शिधा," सर म्हणाले. "जेपेग म्हणजे वाढलेलं ताट. ताटातली आमटी खारट निघाली तर काय कराल, नीरजाताई?"

"पाणी घालीन."

"तुमच्या फोटोंवरून वाटलंच होतं."

माणूस असा, पण हात सढळ. माझं कार्ड स्वस्तातलं आहे हे पाहिल्यावर त्यांनी ते कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि स्वतःकडचं राखीव कार्ड मला दिलं. ते माझ्याकडे दोन महिने राहिलं. मी त्यावर माझ्या नावाची चिकटपट्टीसुद्धा लावली होती. त्यांनी ते एकदाही परत मागितलं नाही.

त्यांच्या सवयींची आम्ही मागे टिंगल करायचो. त्यांच्या कॅमेऱ्यात दोन कार्डं, आणि प्रत्येक फोटो दोन्हींत एकदमच उतरायचा. फोटो भरलेलं कार्ड डबीत पालथं ठेवायचं, रिकामं उताणं. आणि सगळ्यात हसू यायचं ते चिठ्ठीला. कोणत्याही समारंभात गेले की सर आधी खिशातून एक चिठ्ठी काढायचे आणि तिचा फोटो घ्यायचे, एकदा सरळ, एकदा आडवा. तिच्यावर तारीख, नाव, पत्ता, आणि खाली: 'हे कार्ड सापडल्यास परत करावे. आतले फोटो आपल्या उपयोगाचे नाहीत.' कार्ड हरवलंच तर सापडणाऱ्याला पहिल्याच फोटोत मालक दिसावा, हा हेतू.

दसऱ्याच्या आठ दिवस आधी सर हडपसरला गेले. भैरूआण्णा शेवाळे यांची पंच्याहत्तरी होती. आण्णा जुने शेतकरी, फोटो काढून घ्यायचा म्हटलं की उठून गोठ्याकडे जाणारे. त्यांच्या बायकोकडे, आनंदीबाईंकडे, नवऱ्याचा एकही धड फोटो नव्हता. आधार कार्डावरचा होता, पण त्यात ते कोणावर तरी चिडलेले दिसत. त्या दिवशीही आण्णा मांडवात तोंड पाडून बसले होते. सरांनी नेहमीप्रमाणे चिठ्ठी काढली, टेबलावर ठेवली आणि वाकून तिचे दोन फोटो घेतले.

"आवं फोटूवाले," आण्णा ओरडले, "आमी हितं नटून बसलोय आन् तुमी कागदाचा फोटू काढताय व्हय?" आणि ते असे हसले की सगळा मांडव हसला. सरांनी वळून तो फोटो घेतला. तिसरा.

ही हकिकत सरांनीच आम्हाला सांगितली, तीही स्वतःहून, म्हणजे फोटो फारच चांगला असणार. मात्र त्या सकाळी त्यांचं एक कार्ड बिघडलं होतं आणि राखीव कार्ड माझ्याकडे होतं. म्हणून हडपसरचे सगळे फोटो एकाच कार्डात, रॉमध्ये, आले होते. घरचा कॉम्प्युटर दुरुस्तीला गेलेला, आणि दुरुस्तीवाला रोज 'उद्या' म्हणत होता. कार्ड डबीत पालथं पडून राहिलं.

दसऱ्याला सरांकडे कॅमेऱ्याची पूजा असते. मी सकाळी राखीव कार्ड परत द्यायला गेले आणि तिथेच रमले. सरांच्या पत्नी उल्काताई स्वयंपाकात होत्या. मुलगा आमोद जेवायला आला होता, लॅपटॉपसकट, कारण आयटीवाल्यांना सण नसतो. तेवढ्यात हडपसरहून आण्णांच्या मुलाचा, रविराजचा, फोन आला. पंच्याहत्तरीच्या दुसऱ्याच दिवशी आण्णांना अर्धांगाचा झटका आला होता. कालच घरी आणलं होतं. वाचा गेली होती, तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि ते टॉवेलाखाली तोंड झाकून पडून असत.

"सर, आई सारखी म्हणतीय, ते हसलेले तेवढा फोटो आणा. तसं तोंड आता परत..." सरांनी फोन स्पीकरवर ठेवला होता.

"उद्या देतो," सर म्हणाले.

पूजेची मांडणी मी केली. चौरंगावर कॅमेरा, भिंगं, फ्लॅश, आणि दोन्ही कार्डं: डबीतलं हडपसरचं भरलेलं आणि मी रिकामं करून आणलेलं राखीव. देवापुढे वस्तू पालथी कशी ठेवायची? मी भरलेलं कार्ड उताणं केलं, शेजारी माझं चिकटपट्टीवालं ठेवलं आणि दोन्हींवर झेंडूच्या पाकळ्या वाहिल्या. पाकळ्यांखाली चिकटपट्टी दिसेनाशी झाली. मला तर मांडणी फार सुरेख वाटली.

आरती झाल्यावर घरची रीत अशी की रिकामं कार्ड नव्याने पुसून दसऱ्याचा पहिला फोटो उल्काताईंचा काढायचा. त्या पदर सारखा करून खिडकीशी बसल्या. सरांनी हाताला आलेलं उताणं कार्ड उचललं, कॅमेऱ्यात घातलं, फॉरमॅट केलं. मग चिठ्ठी काढली. एकदा सरळ, एकदा आडवी. उल्काताई म्हणाल्या, "अहो, निदान सणाच्या दिवशी तरी बायकोचा नंबर आधी लावा." सरांनी कॅमेरा त्यांच्याकडे वळवला. मी मदत म्हणून दुसरं कार्ड पुढे केलं. पाकळी गळून पडली आणि 'नीरजा' दिसलं.

सरांचं बोट बटणावर होतं. ते तिथेच थांबलं. त्यांनी कॅमेरा बंद केला, कार्ड काढलं आणि मुठीत धरून खुर्चीवर बसले. काय झालं ते मला एका क्षणात कळलं, आणि मला रडू कोसळलं.

"रडू नका. रडून फाइली येत नाहीत," ते म्हणाले.

मग त्यांनी मला समजावलं, बहुधा स्वतःलाच. फॉरमॅट केलं की पुस्तकाची अनुक्रमणिका फाटते, पानं शाबूत राहतात. पण नवीन फोटो काढला की तो पहिल्या पानापासून त्याच पानांवर छापला जातो. म्हणून कार्डाला आता हात लावायचा नाही. आमोदने ऑफिसचं काम बाजूला सारलं आणि हरवलेल्या फाइली शोधणारं सॉफ्टवेअर लावलं. पुरणपोळ्या झाकून राहिल्या. दोन तास कोणी जेवलं नाही.

पहिल्या दोन जागी नुसत्या आजच्या चिठ्ठ्या. हडपसरच्या चिठ्ठ्या होत्या तिथेच त्या बसल्या होत्या. तिसऱ्या जागी एक काळा फोटो उघडला. मांडवाच्या मागून ऊन, पुढे नुसती सावली. मी म्हटलं, गेला.

"गेला नाही. शिधा आहे," सर म्हणाले आणि लॅपटॉप स्वतःकडे ओढला. त्यांनी अंधार हळूहळू वर उचलला. आधी पांढरी मिशी आली, मग दात, मग बारीक झालेले डोळे. भैरूआण्णा हसत होते. बटणावर थांबलेलं ते बोट खाली गेलं असतं तर उल्काताईंचा फोटो नेमका याच हसण्यावर छापला गेला असता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं स्वारगेटहून बसने हडपसरला गेलो. फोटोची चौकट सरांच्या मांडीवर होती. आनंदीबाईंनी ती घेतली, पदराने काच पुसली आणि आण्णांच्या उशाशी धरली. आण्णांनी टॉवेल थोडा खाली केला, बघितलं, आणि पुन्हा वर ओढला.

"एक सांगायचंय," सर म्हणाले. "हे फोटो मी घालवले होते. माझ्या हातून कार्ड पुसलं गेलं. नशिबाने परत मिळाले."

रविराज गोंधळला. "पण सर, मिळालेत ना? मग कशाला सांगताय?"

"तुमचे फोटो आहेत. त्यांचं काय झालं ते तुम्हाला ठाऊक पाहिजे."

मला राहवलं नाही. "कार्ड मी उलटं केलं होतं," मी म्हणाले. "आणि दुसरं कार्डही माझ्याकडेच राहिलं होतं."

"बटण कोणी दाबलं?" सर माझ्याकडे न बघता म्हणाले. "मग गप्प बसा." इतक्या वर्षांत इतकं मायेने मला कोणी गप्प बसवलेलं नाही.

आनंदीबाई म्हणाल्या, "जाऊ द्या ओ. आता आलाच हाईसा, तर आमा दोघांचा एक काढा." टॉवेलाखालचं डोकं जोरात हललं. नाही.

सर आग्रह करणाऱ्यांतले नव्हेत. त्यांनी कॅमेरा काढला. खिशातून चिठ्ठी काढली, तिच्यावर तारीख घातली आणि खिडकीच्या कट्ट्यावर नीट ठेवली. मग वाकले. एकदा सरळ. एकदा आडवी.

टॉवेलाखालून आवाज आला. आधी मला वाटलं ठसका लागला. टॉवेल घसरला, आणि आण्णांचं अर्धं तोंड हसत होतं. उरलेलं अर्धं त्याच्यामागून यायची धडपड करत होतं.

"का... गुद," ते म्हणाले. झटक्यानंतरचा त्यांचा पहिला शब्द. आनंदीबाईंनी त्यांचा हात धरला आणि त्याही हसल्या, रडत रडत.

सर वळले आणि त्यांनी बटण दाबलं. त्या दिवशी कॅमेऱ्यात दोन्ही कार्डं होती.