मॅक्रोने लिहिलेली जत्रेची पत्रं

आमच्या गावच्या जत्रेची तारीख देवीचा कौल मिळाल्याशिवाय ठरत नाही. कौल झाला की मुंबईकरांना लगेच पत्रं जावी लागतात, नाहीतर त्यांना गाडीची तिकिटं मिळत नाहीत. ही दोनशे पत्रं वर्षानुवर्षं मी लिहीत असे. चार दिवस लागायचे. कौतुक व्हायचं, आणि मला ते आवडायचं.

त्या वर्षी दिवाळीत तुमची धाकटी आजी, म्हणजे माझी जाऊ, कोल्हापूरहून गावी राहायला आली. मालवणच्या कॉम्प्युटर क्लासात ती मॅक्रो शिकली. मशीनला एक पत्र करून दाखवायचं, मग यादीतल्या प्रत्येक नावाचं पत्र ते आपणहून करतं. कौल होताच माझ्या वहीतून तिने नावं भरली, बटण दाबलं, आणि प्रिंटर सुरू झाला.

"वयनी, आता तुमका काय्येक करूचा नाय. बसान च्या घेवा."

"चार दिवसांचा काम जेवणाआदी झाला!" तुमचे आजोबा वाडीभर सांगत सुटले. माझ्या पत्रांबद्दल ते असे कधी कुणाला सांगायला गेले नव्हते.

मी घड्या घालायला बसले. एका पत्रावर 'श्री. व सौ.' आणि पुढे माझ्या बालमैत्रिणीच्या नवऱ्याचं नाव. तो श्रावणात मुंबईत वारला होता. ज्या घरात वर्षभरात माणूस गेलं, तिथे आम्ही आमंत्रण धाडत नाही. अशी घरं मी लक्षात ठेवून गाळत असे. वहीतलं नाव खोडायला माझा हात धजला नव्हता. जावेला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

ती शेजारच्याच खोलीत होती. एक हाक पुरली असती. पण मनात आलं, कळू दे सगळ्यांना, मशीन काय करतं ते. मी घडी घातली आणि पाकीट चिकटवलं.

पंधरा दिवसांनी मैत्रीण गावी आली, ती ते पत्र घेऊनच. जाऊ रडवेली झाली.

"अक्का, चूक माझी. माका म्हायत नाय होता."

"तुका खंय म्हायत असतला गो?" मैत्रिणीने तिच्या पाठीवर हात ठेवला. मग माझ्याकडे वळली. "तू मुंबैक येवन तेरा दिवस माझ्या बाजूक बसलंस. तुका म्हायत होता मा?"

"होता," मी म्हटलं. "घडी मीच घातली."

संध्याकाळी जावेने यादीत 'यंदा पत्र नको' असा एक रकाना वाढवला, मॅक्रोत दोन ओळी घातल्या आणि मला घरं विचारली. मी सात घरं सांगितली; उरलेल्या सहांची पत्रंही माझ्याच हातून गेली होती. यादी पुन्हा चालवून पाहिली, तर मशीनने ती सातही बरोबर गाळली.

मैत्रीण महिनाभर गावी होती. रोज दुपारी ती आमच्या घरी यायची, जावेपाशी बसायची. त्यांचं हसणं मी स्वयंपाकघरातून ऐकायची.