प्रोफेसरांची वहिनी

मोताळ्याच्या मनकर्णाबाईचा नवरा १९३९ साली तापाने गेला. तिचे धाकटे दीर उत्तमराव नागपूरला लॉ कॉलेजात प्रोफेसर होते. विधवेला नवऱ्याचा वाटा देणारा कायदा नुकताच झाला होता आणि त्यावरची त्यांची व्याख्यानं ऐकायला मुरलेले वकीलही वर्गात येऊन बसत. सुटीत घरी आले की ते त्यावरच बोलत, आणि ते सगळं मनकर्णाबाईच्या कानावर पडे. त्याच उत्तमरावांनी तेरावं होताच वहिनीला माहेरी जायला सांगितलं.

"मले माह्या घरातल्या दोन खोल्या पाह्यजे, भाऊजी," ती म्हणाली.

"तुमचं इथं काही नाही, वहिनी. मला कायदा शिकवू नका."

"मंग कोर्टालेच इचारतो मी."

उत्तमरावांनी तिची चूल फोडून टाकली. तिने गोठ्यात तीन दगड मांडून भाकरी भाजली आणि दुसऱ्या दिवशी बुलढाण्याला रमाकांत वकिलाला गाठलं. तो उत्तमरावांचाच विद्यार्थी होता आणि त्याने वर्गातली वही जपून ठेवली होती.

कोर्टात उत्तमराव साक्षीला उभे राहिले, तेव्हा रमाकांतने त्यांचंच व्याख्यान वाचून दाखवलं.

"सर, यात काही चूक आहे का?"

"नाही," उत्तमराव दातओठ खात म्हणाले. "पण ते या बाईसाठी नव्हतं."

निकालात मनकर्णाबाईला दोन खोल्या मिळाल्या. उत्तमरावांनी मधे छपरापर्यंत भिंत घातली, तर तिने रस्त्याकडे वेगळं दार काढलं. पुढे सुटीत ते ओट्यावर दिसले, की ती दार लोटून घेई. मरेपर्यंत दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.