छत्तीस मजले आणि आई

लातूरच्या भूकंपात आमचं घर पडलं, तेव्हा मी पुण्याला हॉस्टेलवर होतो. त्यानंतर आई कधी तळमजल्याच्या वर झोपली नाही. माझा फ्लॅट मात्र सिंगापूरच्या हौगांग भागात, चौदाव्या मजल्यावर. बाबा गेल्यावर मी तिला महिनाभरासाठी म्हणून आणलं. मनात होतं की तिने कायमचंच राहावं. ती दाराशी अंथरूण घालायची, चपला उशाशी ठेवायची आणि रोज परतीच्या तिकिटाची तारीख विचारायची.

भूकंपात उंच इमारती कशा डोलतात, यावर मी तेव्हा पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, करत होतो. म्हणजे आयताच श्रोता मिळाला. जपानमधल्या पहिल्या गगनचुंबी इमारतीची गोष्ट मी तिला सारखी ऐकवायचो. भूकंपाच्या देशात छत्तीस मजले चढवायचे तर इमारत ताठ नको, लवचिक हवी, हे त्यांनी साठच्या दशकात करून दाखवलं होतं. स्टीलची पट्टी उभी धरून हलवूनही दाखवायचो.

"डोलली तरी पडत नाही. हललं की टेबलाखाली बसायचं, पळायचं नाही."

तिने ते पाठ केलं.

एका दुपारी सुमात्रात मोठा भूकंप झाला. मी लिहीत होतो, आई मेथी निवडत होती. छताचा दिवा हलायला लागला, पायाखालची फरशी सरकल्यासारखी झाली, आणि मी भानावर आलो तेव्हा खाली शेजाऱ्यांच्या घोळक्यात अनवाणी उभा होतो. चौदा मजले जिन्याने उतरलो होतो.

शेजारच्या चिनी आजींनी विचारलं, "युवर मदर स्टिल अपस्टेअर्स, आह?"

धापा टाकत वर गेलो. आई टेबलाखाली बसली होती, मेथीची जुडी घट्ट धरून.

"तू सांगितलं होतंस, म्हणून बसले."

मला इतकी लाज वाटली की माफीसुद्धा धड मागता येईना. आता ही उद्याचंच तिकीट मागणार, हे मी धरून चाललो.

ती बाहेर आली, गुडघे चोळत खुर्चीत बसली.

"त्या पहाटे मीही अशीच पळाले होते," ती म्हणाली. "तुझी मावशी आत झोपली होती. तिला साधी हाकसुद्धा मारली नाही मी."

मावशी भिंतीखाली सापडून गेली, एवढंच आम्हाला माहीत होतं.

परतीचं तिकीट तिनेच मला रद्द करायला लावलं. इमारतींबद्दल मात्र मी तिला पुन्हा काही शिकवायला गेलो नाही.