एशनियोज उस्ताची तांब्याची नळी आणि मानाची जागा

…तर भिंतीला भोक पडलं, इथवर काल आलो होतो. हम्रोकुलच्या मेहमानखान्याची ती भिंत थापीव मातीची, इतकी जाड की पलीकडून कुणी हाक मारली तर अलीकडे जांभई ऐकू यावी. एशनियोज त्या भोकात हात खांद्यापर्यंत घालून बसला होता आणि तिकडून मेंढी त्याची बोटं चाटत होती. हा उस्ता गार हवेची यंत्रं बसवतो. शेराबादच्या आमच्या बाजूला चिल्ला, म्हणजे उन्हाळ्याचे ते भाजणारे चाळीस दिवस, लागला, उन्हानं अंगणातली किटली चुलीशिवाय तापायला लागली, की याच्या नावानं सगळीकडून हाका सुरू होतात.

माणूस मोठं देखणं काम करतो. तांब्याची नळी वाकवताना मधे चपटी झाली की यंत्राचा दम कोंडतो, म्हणून तिच्यावर स्प्रिंग चढवून, गुडघ्यावर घेऊन हळूहळू वळवतो. तोंडानं सारखं, "ये बाई, ये, घाबरू नको." नळीचं तोंड फुलवलं की एक डोळा मिटून तिच्यातून आभाळ बघतो. एकदा मी विचारलं, काय दिसतं रे? तर म्हणे, "अक्साकाल," गावातल्या म्हाताऱ्याला आमच्याकडे असंच म्हणतात, "चूक असली तर दिसते. नसली तर नुसतं आभाळ."

खोड एकच. वडीलधाऱ्या माणसाला नाही म्हणणं त्याच्या जिभेला जमत नाही. आमच्याकडे कुणालाच फारसं जमत नाही म्हणा, पण याचा आजार जुना. एका म्हातारीनं सांगितलं, माझ्या द्राक्षवेलीला धक्का लावायचा नाही. यानं नळी वेलीसोबत वर चढवली, मांडवावरून फिरवली आणि पलीकडे उतरवली. दुरून बघणाऱ्याला वाटावं, वेलीला तांब्याची द्राक्षं लागणार.

आणि हम्रोकुलच्या घरी तर त्याची मान आधीच अडकलेली. त्याच्या मुलासाठी, नोर्बेकसाठी, हम्रोकुलची मुलगी ओयसुलुव मागायला सोयरीक घेऊन मीच गेलो होतो. मुलीकडचे 'बघू' म्हणाले होते. गुरुवारी बैठक ठरली. त्या बैठकीत दोन्हीकडच्या वडिलांनी मिळून नान मोडली की सोयरीक पक्की. नान अख्खी परत आली की आपणही आल्या वाटेनं परत. मेहमानखाना गार करून द्यायचं काम एशनियोजनं आपणहून अंगावर घेतलं, ते याच आशेनं.

हम्रोकुल आला, हात पाठीमागे. दोन्ही पेट्या बघितल्या. एक लांबट, पांढरी, हलकी. दुसरी भरभक्कम, पोटात मोठा पंखा असलेली.

"ही मोठी कुठे लावतोस?"

"बाहेर, बोबो." आजोबांना म्हणावं तसं, मानानं तो त्याला बोबो म्हणायचा.

"बाहेर? पाहुणे येणार, दारासमोरच्या मानाच्या जागी हे एवढंसं चिटुकलं टांगायचं, आणि अशी दांडगी, महागाची पेटी मेंढ्यांना दाखवायची?"

"बोबो, शहरात सगळे…"

"शहरातले लोक पाहुण्याला उभ्यानं चहा देतात. मोठी आत. धाकटी बाहेर."

एशनियोजनं माझ्याकडे पाहिलं. मला तर हम्रोकुलचं म्हणणं रास्तच वाटलं. मोठं असेल त्यानं मानाच्या जागी बसावं, यात चुकतंय काय? मी मान डोलावली. एशनियोजनं एकदा नळीकडे पाहिलं, एकदा ओयसुलुवच्या दोरीवर वाळणाऱ्या ओढणीकडे.

"बरं, बोबो," म्हणाला.

आणि कामात कुठे कसर नाही हो! नळ्यांना फोमचं वेष्टण घातलं, नट आवळले, पंप लावून आतली हवा खेचून काढली, गॅस सोडला, सांध्यांना साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का ते पोटावर पालथं पडून पाहिलं. बुडबुडा नाही. इतकं बिनचूक उलटं काम मी पुन्हा पाहिलं नाही.

गुरुवारी आम्ही गाद्यांवर बसलो. मधे दस्तरखान, त्यावर नान, खडीसाखर, हलवा, द्राक्षं. हम्रोकुलनं स्वतःच्या हातानं कळ दाबली. मोठी पेटी घुरघुरली आणि तंदुराचं झाकण काढावं तसा झोत तोंडावर आला.

आता पाहुण्यानं कसं म्हणावं, उकडतंय? यजमानाची अब्रू जाते. आणि यजमानानं कसं म्हणावं? हुकूम त्याचाच.

"हवा छान आहे," मी म्हणालो. मिशांतून पाणी गळत होतं.

"डोंगरावर बसल्यासारखं," हम्रोकुल म्हणाला.

एशनियोजची थोरली बहीण फार रीतीची बाई. ती म्हणाली, "मला तर जरा हुडहुडीच भरली." लगेच हम्रोकुलच्या सुनेनं आतून कापूस भरलेला जाड अंगरखा, चपान, आणून तिच्या अंगावर घातला. बाईनं तो गळ्यापर्यंत ओढला आणि आभार मानले. तिचे ओठ पांढरे पडले होते. मग मलाही एक आणला. नको म्हणायची सोय नव्हती. हलवा ताटलीतून निघून खडीसाखरेकडे चालला होता. कुणी तिकडे बघितलं नाही. गरम चहा फिरत होता, आम्ही पीत होतो, आणि नान मधोमध अख्खी पडून होती. तिला हात घालायचं बळ कुणात उरलं नव्हतं.

तेवढ्यात हम्रोकुलची आई, खोसियत मोमो, दारात आली. वय इतकं की तिला रीतभात माफ. अंगाला मेंढ्यांकडची गार हवा लागलेली, म्हणून शाल लपेटलेली.

"तुम्ही इथे का भाजून घेताय रे?" म्हणाली. "मेंढ्यांकडे बघा. एकमेकींना चिकटून बसल्यात गारठ्यानं. आणि ही बाई चपान घालून मरतेय की काय?"

हम्रोकुलनं हळूच पियाला खाली ठेवला.

"एशनियोज उका, धाकट्या भावा," तो म्हणाला, "सरळ सांग. यंत्र बरोबर बसलंय की नाही? मला खूश करायला खोटं बोलणाऱ्याच्या घरात माझी मुलगी जाणार नाही. आणि माझ्याच पाहुण्यांसमोर मला मूर्ख ठरवणाऱ्याच्या घरातही जाणार नाही."

मी डोळे मिटले. सोयरीक गेली म्हटलं. बहिणीनं चपान डोक्यावरून घेतला.

आज ओयसुलुव एशनियोजच्या घरची सून आहे. त्या दिवशी नान मोडली ती मेंढ्यांच्या छपराखाली, पहिला तुकडा एका मेंढीनं पळवला, आणि हम्रोकुल इतका हसला की त्याला पाठीत थापट्या माराव्या लागल्या. सोयरीक जुळवल्याचं श्रेय लोक मला देतात, मी घेतोही. पण जुळली ती एशनियोजच्या उत्तरानं. त्यानं कपाळावरचा घाम पुसला, नान दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरली आणि उठत म्हणाला:

"बोबो, यंत्र बरोबर बसलंय, आपण तेवढे चुकीच्या बाजूला बसलोय. चला बाहेर, मेंढ्यांना म्हणू, जरा सरकून घ्या."