बाळसं, साखर आणि वत्सलाबाई

अंगणवाडीच्या वजनाच्या रजिस्टरात शेवटचा रकाना शेऱ्याचा असतो, आणि तो बोटभर रुंद असतो. त्यात 'ठीक' एवढंच मावतं. पण काट्यावर लेकरू ठेवलं की भोवतीच्या बायका जे बोलतात, ते कुठं लिहायचं? म्हणून मी घरी वेगळी वही ठेवली. एकीच्या आता सात झाल्या. आमचं गाव जऊळक्याच्या स्टेशनाला लागून. खालचे किस्से तिथल्या एकाच घरातले आहेत: आजी वत्सलाबाई, त्यांची सून रेखा आणि नात आरोही. त्यांना विचारूनच सांगते आहे. वत्सलाबाईंनी तर "नाव बराबर लिवजा" अशी अटच घातली.

*

आरोही दोन वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. वजनाच्या तक्त्यावर खाली लाल पट्टा, मग पिवळा, वर हिरवा. आमचं सगळं लक्ष खाली, कोणाचं लेकरू लालमध्ये तर गेलं नाही ना. आरोहीचा ठिपका मात्र हिरव्याच्याही वर गेला.

रेखा तक्ता पाहून म्हणाली, "ताई, आमची पोट्टी त मेरिटमध्ये आली."

सगळ्या हसल्या. मीही हसले. त्याच महिन्यात सुदृढ बालक स्पर्धा होती. पहिलं बक्षीस कोणाला द्यायचं, याचा मला क्षणभरही विचार करावा लागला नाही.

*

पुढं आरोही अंगणवाडीत बसू लागली. एकदा आली ती रडतच. वत्सलाबाईंनी लगेच पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढला. एक खाल्लं, रडली. दुसरं खाल्लं, रडली. पुडा संपला, रडणं काही संपेना. शेवटी आमच्या मदतनीस शोभाबाईंनी तिला मांडीवर घेतलं आणि बूट काढला. आत तुरीच्या दाण्याएवढा खडा.

"मंग पुडाभर बिस्किटं खाल्ले काहून इनं?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"तुमी देल्ले म्हून," शोभाबाई म्हणाल्या.

*

आरोही दुसरीत गेली. एका सकाळी त्यांच्याकडे गेले, तर वत्सलाबाई तिला न्हाणीत बसवून नारळाच्या शेंडीनं तिची मान घासत होत्या. मानेभोवती काळपट पट्टा दिसत होता.

"पाहा ना ताई, दोन वर्सं झाले, मळ निंघतच नाही."

प्रशिक्षणात असं काहीतरी एकदा ऐकलं होतं, म्हणून मी दोघींना दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर वयानं लहान, पण समजावून सांगणाऱ्या. त्यांनी आरोहीचं वजन केलं, मान पाहिली आणि म्हणाल्या, "आजी, हा मळ नाही. वजन फार वाढलं की शरीराला साखर नीट वापरता येत नाही. मग कातडीवर असा रंग येतो. घासून जाणार नाही. खाणं बदललं, खेळणं वाढलं, तर हळूहळू कमी होईल."

वत्सलाबाईंनी आरोहीच्या मानेवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "म्हंजे दोन वर्सं मी साखरच घासून राह्यली होती."

परतताना मला राहवलं नाही. म्हटलं, "ते बक्षीस मी दिलं होतं, बाई. चूक माझीही आहे."

"तुमी काट्यावर ठेवलं," त्या म्हणाल्या. "भरवलं म्या."

त्या दिवशीच्या पानावर मी एवढंच लिहिलं आहे. माझ्या चुकीचा अर्धा भार दुसऱ्या कोणी इतक्या सहज उचलल्याचं मला आठवत नाही.

*

त्याच सुमारास रेखाला दिवस गेले. पहिल्या खेपेला साखर तपासली होती का, असं डॉक्टरांनी विचारलं. नव्हती. आरोही जन्मली तीच सव्वाचार किलोची, आणि माहेरच्यांनी त्या वजनाच्याच आनंदात पेढे वाटले होते. या वेळी तपासू, म्हणून डॉक्टरांनी रेखाला ग्लुकोजचं पाणी प्यायला दिलं.

"साखर आहे का ते पाहाले साखरच पाजता?" वत्सलाबाई म्हणाल्या.

"शरीर तिचं काय करतं ते पाहायचंय, आजी."

"काय करीन? आमच्या घरात साखर पाहून कोणी थांबलं आहे काय?"

साखर वाढलेली निघाली. रेखाचा चेहरा उतरला. "मंग आरोहीचं पोटातच ठरलं होतं काय? ह्याचंबी तसंच होईन?"

"ठरलं नव्हतं. सुरुवात झाली होती," डॉक्टर म्हणाल्या. "या बाळाची सुरुवात अजून आपल्या हातात आहे."

*

रेखाला जेवणानंतर चालायला सांगितलं होतं. ती एकटी कशी जाणार, म्हणून वत्सलाबाईही निघाल्या, आणि मागून आरोही. रोज संध्याकाळी लवकर जेवून तिघी स्टेशनापर्यंत जायच्या, बाकावर जरा टेकायच्या आणि परत यायच्या. गावानं आपला अर्थ लावला: सून रोज रुसून माहेरी निघते आणि सासू तिला स्टेशनावरून समजावून आणते.

ही बातमी शिरपूरला रेखाच्या माहेरी पोचली. तिचे वडील दोन जाणती माणसं घेऊन बसनं आले, समेट करायला. वत्सलाबाईंनी त्यांना पोटभर जेवू घातलं, सगळं ऐकून घेतलं आणि चपला घातल्या.

"जेवले ना? मंग चाला."

दुसऱ्या दिवशी रेखाचे वडील मला रस्त्यात भेटले. म्हणाले, "ताई, भांडण असतं त बरं झालं असतं. पाय लय दुखून राह्यले."

*

हिवाळ्यात रेखा वाशीमला दवाखान्यात बाळंत झाली. सकाळी मी डबा घेऊन पोचले. मुलगी झाली होती, दोन किलो नऊशे. आईला साखर होती म्हणून बाळाचीही तपासायची होती. नर्सनं इवल्याशा टाचेतून थेंब घेतला. रेखा छताकडे पाहत पडून होती. वत्सलाबाईंनी खाटेची दांडी घट्ट धरली होती.

"बाळाची साखर एकदम बराबर आहे," नर्स म्हणाली.

रेखानं डोळे पुसले आणि बाळाला छातीशी घेतलं.

वत्सलाबाईंना मी किती वर्षं सांगत होते, एकदा तुमचीही साखर तपासून घ्या. दर वेळी "मले काय धाड भरली" म्हणत त्या हात पदराखाली घ्यायच्या. त्या सकाळी नर्स सामान आवरू लागली, तेव्हा त्यांनी आपलं बोट तिच्यापुढं धरलं.

"तुमाले काय त्रास आहे, आजी?"

"तरास काई नाही," वत्सलाबाई म्हणाल्या. "नात झाली."