मोठ्या पेल्यातून

चर्चमध्ये आईच्या अंत्यविधीला एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी "आपली भगिनी फार सोशिक होती" असं सांगितलं, तेव्हा पहिल्या बाकावर बसून मी जोरात मान हलवली. नाही म्हणून. लोकांना वाटलं, मला हुंदका आला. सोशिक बायका वेगळ्या असतात. माझ्या आईने आम्हा दोघा भावंडांना शिवणकामावर वाढवलं, रविवारची एकही उपासना चुकवली नाही, आणि ज्या गोष्टी तिला पटल्या नाहीत त्यातली एकही सोसली नाही.

ती मूळची कोयनानगरची. जमीन हलली की आधी चुलीवरचं दूध उतरवायचं आणि मग बाहेर पळायचं, अशा घरात वाढलेली. लग्न होऊन सांगलीला आली. मंगळवारी भाकरीचा डबा घेऊन ती दवाखान्यात जायची आणि ज्या पेशंटजवळ कुणी नाही त्याच्याजवळ बसायची. शिवाय गल्लीत कुठलीही बाई वारली की शेवटची आंघोळ घालायला आईला बोलावणं यायचं. जात, धर्म तिने कधी विचारला नाही. पदर खोचायची आणि पाणी तापवा म्हणायची.

नव्वदनंतरची ती वर्षं. आमच्या मागच्या आळीतला एक ट्रक ड्रायव्हर एड्सने गेला आणि वर्षाच्या आत त्याची बायकोही. त्या सकाळी तिची सासू आमच्या दारात येऊन उभी राहिली. आत ये म्हटलं तरी येईना.

"बाई, सून गेली वो माजी. सकाळधरनं तशीच पडलीया. आंघोळ घालाया कुनी म्होरं हुईना."

आई मशीनवरून उठली. मी त्या वेळी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. "आई, हातमोजे तरी घाल," एवढंच म्हणाले आणि आणूनही दिले. ते तिने घातले. मी मात्र घरीच थांबले.

चार दिवसांनी आमच्या चर्चचे सेक्रेटरी घरी आले. आईने पुढे केलेला चहा त्यांनी "आत्ताच झाला" म्हणून तसाच ठेवला. आमच्या चर्चमध्ये महिन्यातून एकदा होणाऱ्या प्रभुभोजनाच्या विधीला चांदीचा एकच मोठा पेला असायचा, सगळी मंडळी त्यातून द्राक्षारस घ्यायची.

"बाई, तुमच्यावर कुणाचा राग नाही," सेक्रेटरी म्हणाले. "पण लोकांच्या मनात शंका आहे. काही महिने तुम्ही पेला घेऊ नये, असं चर्चच्या पंचांचं मत पडलं."

"बोलावनं प्रभूचं हाय, पंचांचं न्हाई," आई म्हणाली. "मी येनार. तुमचा च्या निवतोय."

पंचही हुशार. पुढच्या महिन्यात चर्चमध्ये काचेचे छोटे छोटे ग्लास आले, प्रत्येकाला वेगळा. आरोग्याच्या दृष्टीने, असं जाहीर झालं. आरोग्य कुणाचं आणि जपायचं कुणापासून, ते सगळ्यांना ठाऊक होतं. आईपुढे तबक आलं तेव्हा तिने ग्लास उचललाच नाही. ती बाकावरून उठून वेदीपुढे गेली, तिथे आशीर्वादापुरत्या ठेवलेल्या मोठ्या पेल्याकडे दोन्ही हात केले आणि तशीच उभी राहिली. उपासना चालवणाऱ्या पाळकांनी एकदा सेक्रेटरींकडे पाहिलं, एकदा आईकडे, आणि पेला तिला दिला. ते भले गृहस्थ होते, फक्त घाबरट होते. पुढे दर महिन्याला तसंच होत राहिलं. सगळी मंडळी ग्लासातून प्यायची आणि माझी आई एकटी मोठ्या पेल्यातून.

गंमत म्हणजे उपासनेनंतर ते सगळे ग्लास धुवायला मात्र आईचे हात चालायचे, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं. भीतीलाही सोय बघावी लागते. आणि मी? तो रोग असा पसरत नाही हे मी वाचलेलं होतं, परीक्षेत लिहून मार्क मिळवलेले होते, तरी मी दर वेळी छोटा ग्लासच उचलला. पंचांना नावं ठेवताना हे लपवलं तर मी खोटी ठरेन. मी भेकड होते.

एकदा ग्लास धुताना मी तिला म्हणाले, "कशाला हट्ट करतेस? सगळ्यांसारखा ग्लास घे ना."

आईने हातातला ग्लास खाली ठेवला. "म्या ह्यो उचलला, की ती पोरगी शिवायच्या लायकीची नव्हती, ह्याला म्या व्हय म्हनलं. मेलेलं मानूस भांडाया येत न्हाई, म्हनून काय बी बोलायचं? मी त्या पोरीची येनी घातली हाय." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुला तर सगळं ठावं हाय. तू का उठत न्हाईस?"

मी उरलेले ग्लास पुसून कपाटात लावले.

पुढच्या प्रभुभोजनाला तबक आलं तेव्हा मी ग्लास उचलला नाही. आई उठली, तिच्या पाठोपाठ मीही उठून वेदीपुढे गेले. आईने पिऊन पेला पाळकांकडे परत दिला. माझे पुढे आलेले हात पाहून ते क्षणभर थांबले, मग वेदीवरचं पांढरं फडकं घेऊन आईचे ओठ लागले होते ती कड पुसायला निघाले.

"पुसू नका," मी म्हणाले. आवाज मोठाच निघाला, शेवटच्या बाकापर्यंत गेला असणार. "तसाच द्या."

त्यांनी दिला. मी पेला फिरवला आणि आई जिथून प्यायली होती तिथूनच प्यायले.