शिट्टी, हाफपँट आणि घळीतले पाहुणे

लाज वाटावी असे प्रसंग कुणी मुद्दाम साठवत नाही. पण आमच्या जुन्या ट्रेकिंगच्या ग्रुपची चार माणसं चहाला जमली की एकेक बाहेर पडायला लागतो, आणि प्रत्येकात माझे बाबाच असतात! नव्वदच्या दशकात बाबा आठवडाभर नाशिकच्या एका ऑफिसात क्लार्क असत आणि रविवारी मुंबई-पुण्याच्या हौशी लोकांना पेठच्या बाजूच्या एका नदीच्या घळीत उतरवत. दोरानं उतरणं, डोहात पोहणं, मग वर येऊन डबे. मलाही जावंच लागे. आई म्हणायची, "ह्यांचे प्रताप ऐकल्यावर पोरीला स्थळं यायची कशी?" तीच धास्ती मलाही होती.

* * *

पाहुण्यांना आम्ही एसटी स्टँडवर गोळा करायचो. बाबा खाकी हाफपँटमध्ये, गळ्यात शिट्टी. समोर माझ्या कॉलेजातल्या मुली बसची वाट बघत उभ्या. मी खांबाआड!

एकदा पाहुणे पांगले म्हणून बाबांनी जोरात शिट्टी मारली. शेजारी येवल्याची गाडी उभी होती. ड्रायव्हरला वाटलं, आपला कंडक्टरच गाडी मागं घ्यायला सांगतोय. त्यानं रिव्हर्स टाकला. बाबा घाबरून आणखी जोरात शिट्ट्या मारायला लागले, गाडी आणखी मागं!

खरा कंडक्टर चहाचा कप घेऊन धावत आला. "ओ हाफपँट! माझी गाडी कुठं नेताय?"

अख्खा स्टँड हसला. त्यात माझ्या वर्गातल्या मुलीही होत्या.

* * *

एक नवीन लग्न झालेलं जोडपं आलं होतं. शेवाळलेल्या कातळावरून दोघं हातात हात घालून चालली होती. बाबा मागून ओरडले, "हात सोडा! कातळ धरा!"

नवरी लाजत म्हणाली, "काका, परवाच सगळ्यांनी सांगितलं, हा हात सोडू नकोस."

"सांगू देत. कातळ जागचा हलत नाही. नवऱ्याची गॅरंटी मी देत नाही!"

पुढच्याच वळणावर नवरा धपकन पाण्यात! बाबांनी माझ्याकडे बघून डोळा मारला. मला कुठं तोंड लपवू असं झालं.

* * *

एका रविवारी बाबांचे साहेबच सहकुटुंब आले. आई खूश. बढतीचं घोडं बरीच वर्षं अडलं होतं, आता सुटेल म्हणाली. दिवस छान गेला. निघताना बाबांनी नेहमीसारखा सगळ्यांचा कचरा तपासला.

"साहेब, तुमचं वेफर्सचं पाकीट?"

"राहिलं असेल डोहापाशी."

"मग आणता ना?"

साहेबांचा चेहरा उतरला. बाईसाहेब दुसरीकडे बघायला लागल्या. "उद्या ऑफिसात भेटा!" साहेब दात आवळून म्हणाले.

"भेटतो की. पाकीट आज आणा."

साहेब गेले आणि घेऊन आले. बढती अर्थातच आली नाही. आई दोन दिवस बाबांशी बोलली नाही, आणि खरं सांगायचं तर मीही नाही.

* * *

मग दोन हजारच्या पुढेमागे निफाडचं एक स्थळ आलं. द्राक्षांची बाग, मुलगा इंजिनिअर. आईनं पोह्यांची तयारी केली आणि बाबांनी परस्पर त्यांना घळीत बोलावलं! म्हणाले, "पोहे खाऊन माणूस कळत नाही." मी रात्रभर रडले. मुलगा मला फोटोतच आवडला होता.

मुलगा आणि त्याची आई दोघंही आली. घळीच्या तोंडाशी बाबांचा एक नियम होता. दोर बांधण्याआधी प्रत्येकाला विचारायचे, "भीती वाटते का?" 'हो' म्हणणाऱ्यालाच खाली सोडायचे. न घाबरणारा दोर नीट धरत नाही म्हणे.

मुलाची आई म्हणाली, "लय भीती वाटते हो!" बाबांनी लगेच त्यांना दोर बांधला.

मुलगा माझ्याकडे बघत म्हणाला, "छे! भीती कसली?"

"मग तुम्ही डब्यांपाशी बसा. माकडं फार आहेत."

मला वाटलं, दरीनं आता मला पोटात घ्यावं. ठरत आलेलं लग्न बाबांनी माकडांच्या हवाली केलं होतं. आम्ही खाली उतरल्यावर त्याच्या आई डोहात साडी सावरत हसत होत्या, आणि मला मान वर करवत नव्हती.

आम्ही परत चढून आलो. बाबा पुढं, मी त्यांच्या मागोमाग. मुलगा आमच्याकडे पाठ करून, हातात काठी घेऊन डब्यांवर पहारा देत होता.

"काय, रागावलात का?" बाबांनी विचारलं.

तो न वळताच म्हणाला, "नाही काका. खरं सांगू? पाय लटपटत होते माझे. पण तुमची मुलगी शेजारी उभी होती. ती मला फार आवडलीय. तिच्यासमोर 'हो, घाबरलोय' कसं म्हणणार?"

बाबा म्हणाले, "अहो, ती आत्ताही शेजारीच उभी आहे!"